लस गावात आली होती, उत्तरही गावात यावे

प्रति,
मा. डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री, गोवा राज्य.

महोदय,


कारापूर-सर्वण पंचायतीतल्या सर्वण गावातून हे पत्र लिहिते आहे. आपले कोठंबी गाव याच डिचोली तालुक्यातले, त्यामुळे इथला माणूस कसा विचार करतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. रस्ते, पाणी आणि खाणी यांबद्दल आपल्याकडे रोज पत्रे जात असतील. माझे मागणे वेगळे आहे. २०२१ साली सरकारने सांगितले म्हणून आमच्या गावाने कोविडची लस घेतली. आज त्याच लशीबद्दल गावात शंका बोलल्या जातात आणि उत्तर द्यायला कोणी येत नाही. लस द्यायला जशी माणसे वाड्यावाड्यावर आली, तशीच उत्तर द्यायलाही यावीत, एवढ्यासाठी हे जाहीर पत्र.

आज गावात काय बोलले जाते, ते आधी सांगते. एखादा पस्तिशी-चाळिशीतला मुलगा अचानक गेला की बाराव्याच्या आत कोणी ना कोणी विचारतो, ‘लस घेतली होती ना त्याने?’ तिस्कावर बसची वाट पाहताना हाच विषय निघतो. मोबाइलवर आलेला व्हिडिओ एकजण दुसऱ्याला दाखवतो आणि दुसरा तो घरी पाठवतो. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस देतात. वर्षानुवर्षे ती निमूट घेतली जात असे. आता आया बाईंना बाजूला घेऊन विचारतात, ‘ही तीच नाही ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्या बाया अडाणी नाहीत. २०२१ मध्ये भर पावसात छत्री धरून रांगेत उभ्या राहिलेल्या याच बाया आहेत. माझी चिंता तिथे आहे. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांचाच विश्वास आता झिजतो आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. लसीकरणाच्या शिबिरांत नावे लिहून घ्यायला बसत असे. म्हणून ती मोहीम गावात कशी उभी राहिली, हे मी जवळून पाहिले आहे.

देशात मोहीम सुरू झाली १६ जानेवारी २०२१ रोजी. आधी आरोग्य कर्मचारी, मग पोलीस आणि आघाडीवरचे इतर कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि व्याधी असलेले पंचेचाळिशीपुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरचे सगळे. तेव्हा गावात घाई नव्हती. काजूचा हंगाम होता, माणसे डोंगरावर बोंडू वेचत होती. ‘बघू, चवथीनंतर घेऊ’ असे म्हणणारे बरेच होते.

मग मे महिना आला. गोव्यात चाचणी केलेल्या दर दोन माणसांमागे जवळजवळ एक बाधित निघू लागला. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या चार तासांत बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉ) इस्पितळात २६ रुग्ण दगावले, हे आरोग्यमंत्र्यांनी स्वतः जाहीर केले. ऑक्सिजनचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. ११ मे रोजीच आपण गोमेकॉत जाऊन आलात आणि ऑक्सिजन उपलब्ध असणे व तो वॉर्डापर्यंत पोहोचणे यांत अंतर पडते आहे, असे बोललात. त्या उघड बोलण्याची आठवण मी मुद्दाम करून देते आहे, कारण पुढे मी जे मागणार आहे ते त्याच जातीचे आहे. त्याच दिवसांत अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञांनी अशा वापराविरुद्धच्या इशाऱ्याची आठवण करून दिली. एका आठवड्यात माणसाने किती आणि कोणाचे ऐकायचे? तरीही माणसांनी ऐकले. ज्यांनी ‘चवथीनंतर’ म्हटले होते, तेच आता लस कधी मिळेल म्हणून विचारू लागले.

अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविन पोर्टलवर नाव नोंदवून वेळ घ्यायची सक्ती होती. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर रेंज धरायला माणूस उतारावर जाऊन उभा राहतो. ओटीपी येईपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या असत. शहरातल्या वेगवान इंटरनेटवाल्यांना गावच्या केंद्रावरची वेळ मिळे आणि गावचा मुलगा मागे राही. मोहीम खरी गावाची झाली ती नंतर, शिबिरे पंचायतीत आणि शाळांत भरू लागली तेव्हा. जूनमध्ये खलाशी, टॅक्सी-रिक्षावाले, दिव्यांग आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या आया यांना प्राधान्य मिळाले, आणि २१ जूनपासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना केंद्राने मोफत लस द्यायला सुरुवात केली. जागा गावातली, ओळखीची परिचारिका आणि शेजारी रांगेत उभा, एवढ्यावर बहुतेकांची भीती गेली.

ही कामे कोणी केली, हे नोंदवून ठेवावेसे वाटते. देशातल्या जवळजवळ सगळ्या राज्यांत आशा कार्यकर्त्या आहेत, गोव्यात ती योजनाच नाही. त्यामुळे इथे सगळा भार आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिका, बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर आला. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची. सातच माणसे आली असतील तर परिचारिका कुपी हातात घेऊन थांबे आणि आम्ही फोन लावत बसू, ‘तुमच्या घरची आजी राहिली आहे, रिक्षा करून आणा.’ दोन ते आठ अंश तापमानातली लस बर्फाच्या पेटीतून यायची आणि वीज गेली की पहिली काळजी त्या पेटीची. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचे, ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या म्हणून सांगायचे. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांची यादी अंगणवाडी सेविकेला तोंडपाठ होती. बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांपैकी काहींकडे ओळखपत्रच नव्हते. तशा माणसांना लस कशी द्यावी याची कार्यपद्धती केंद्राने मे महिन्यात ठरवून दिली होती, पण त्यांना शोधून काढायचे ते गावातल्याच माणसाने.

सप्टेंबरमध्ये गोव्याने जाहीर केले की राज्यातल्या सर्व पात्र प्रौढांना पहिला डोस मिळाला. १८ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी गोव्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी आणि लाभार्थ्यांशी दूरदृश्य प्रणालीवरून संवाद साधला. आम्हाला त्याचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. मला आजही असेच वाटते की त्या लशीने आमच्या गावातली कितीतरी माणसे वाचवली. हे पत्र लशीविरुद्ध नाही, हे इतक्या स्पष्टपणे लिहिते, म्हणजे कोणी याचा तसा उपयोग करू नये.

पण त्यानंतर काय झाले? बर्फाच्या पेट्या परत गेल्या, फलक उतरले आणि बोलणेही थांबले.

एक उदाहरण देते. कोविशिल्ड घेतल्यावर अत्यंत क्वचित, रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा विकार संभवतो, ही गोष्ट भारत सरकारने लपवलेली नव्हती. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीचा निष्कर्ष केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी प्रसिद्ध केला. तोवर तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांमध्ये २६ संभाव्य गुठळ्यांच्या होत्या, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. लस घेतल्यापासून वीस दिवसांत श्वास लागणे, छातीत दुखणे, पायाला सूज, न थांबणारी डोकेदुखी असे काही झाले तर लगेच दवाखान्यात जा, असेही त्या निवेदनात होते. ते दिवस आपल्याला आठवतात. गोमेकॉच्या बातम्यांनी सगळे घर जागे असायचे. ते निवेदन दिल्लीत निघाले, मोठ्या वर्तमानपत्रांत छापून आले, पण आमच्या वाड्यापर्यंत पोहोचले नाही. कोणी मराठीत किंवा कोकणीत पत्रक काढून परिचारिकेच्या हातात दिले नाही.

तीन वर्षांनी, एप्रिल २०२४ च्या अखेरीस, कोविशिल्ड ज्यांच्या लशीवरून बनली त्या अॅस्ट्राझेनेका कंपनीने लंडनच्या न्यायालयात याच दुर्मीळ विकाराची शक्यता मान्य केल्याची बातमी फुटली. गावाने ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि तीही मोबाइलवर, भीतीदायक संगीत लावलेल्या व्हिडिओतून. साहजिकच सगळ्यांना वाटले की इतकी वर्षे हे दडवून ठेवले होते. सरकारने २०२१ मध्येच सांगितले होते, हे गावात कोणाला ठाऊकच नव्हते. दडवलेली गोष्ट आणि न पोहोचवलेली गोष्ट यांतला फरक दिल्लीतल्या फायलीत कळतो. सर्वणच्या माणसाला दोन्हींचा अनुभव सारखाच येतो.

दुसरे उदाहरण अचानक मृत्यूंचे. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या, वरवर धडधाकट माणसांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये देशातल्या ४७ मोठ्या इस्पितळांमधून केला. लशीमुळे असा धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो उलट कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या. कोविडमुळे पूर्वी इस्पितळात राहावे लागलेले असणे, घराण्यात कोणाचा असा मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत अतोनात दारू पिणे किंवा अंगाला न झेपणारे कष्ट करणे. महोदय, ही माहिती आमच्या गावासाठी सोन्यासारखी आहे. तिने केवळ लशीवरचा संशय जात नाही, तर ज्या घरातला तरुण मुलगा गेला त्याच्या भावाने हृदयाची तपासणी करून घ्यावी, हेही कळते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हेच निष्कर्ष पुन्हा जाहीर केले. तेही इथे पोहोचले ते अर्ध्या ओळीत, आणि व्हिडिओ मात्र पूर्ण पोहोचला.

काही अधिकारी म्हणतील की दुष्परिणामांचा विषय गावात काढला तर भीती आणखी वाढेल, झाकलेले बरे. मला वाटते, ही आपल्या लोकांना ओळखण्यात होणारी गल्लत आहे. शेजारच्या सत्तरीत २०१५ पासून माकडताप आला, पुढे दोडामार्ग आणि बांद्याच्या परिसरातही पसरला. काजू बागायतीत आणि रानात जाणाऱ्यांना त्यावरची जुनी लस वारंवार घ्यावी लागे. पुढे ती पुरेशी परिणामकारक नसल्याचे दिसून आले आणि २०२२ च्या सुमारास तिचा वापर थांबला. म्हणून सत्तरीतल्या लोकांनी सगळ्याच लशींवर बहिष्कार टाकला का? नाही. एखादी लस कमी पडते, ती बाजूला ठेवून नवी शोधावी लागते, हे रानात काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगितले तर समजते. त्याला समजणार नाही असे गृहीत धरले की तो दुखावतो, आणि मग त्याला समजावणारा दुसराच कोणीतरी भेटतो.

इतिहासही हेच सांगतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे हे ओळखणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस हे आपल्या बार्देशातल्या हडफड्याचे. त्या साथीवर वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरे उघडून सक्ती झाली आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. कुपी गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, अशी माहिती असूनही दोष प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर ढकलला गेला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. मधल्या वर्षांत प्लेगने लाखो माणसे नेली. लस हाताशी असताना विश्वास गेला तर काय होते, हे त्या वर्षांवरून कळते. त्या अपघातानंतर सरकारने लोकांत जाऊन काय झाले ते मोकळेपणाने सांगितले असते, तर लशीवरचा विश्वास इतका ढासळला नसता, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला हे जमणार नाही असे मी मानत नाही, कारण याच गोव्याने ते वेगळ्या कामात करून दाखवले आहे. रेबीजविरुद्धची मोहीम आठवा. मिशन रेबीज या संस्थेची पथके जाळी घेऊन गावोगावच्या कुत्र्यांना वर्षामागून वर्षे लस टोचत राहिली, शाळाशाळांत जाऊन कुत्रा चावला तर काय करायचे हे मुलांना शिकवत राहिली. सलग तीन वर्षे राज्यात माणसाला रेबीज झाला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. ते यश एका उत्सवातून आले नाही. शेवटच्या कुत्र्याला टोचल्यावरही पथक पुन्हा त्याच वाड्यावर गेले, म्हणून आले. कुत्र्यांसाठी जे सातत्य ठेवले, ते माणसांसाठीही ठेवता येते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, प्रत्येक पंचायतीच्या एका ग्रामसभेत आरोग्य खात्याच्या डॉक्टरने यावे आणि कोविड लशीबद्दल आज जे माहीत आहे ते मराठी-कोकणीत सांगावे. दुर्मीळ दुष्परिणाम सांगावेत, अचानक मृत्यूंचा अभ्यास सांगावा, आणि लोकांचे प्रश्न संपेपर्यंत बसावे. छापील भाषण नको. ज्याला प्रश्नाचे उत्तर माहीत नाही त्याने ‘विचारून सांगतो’ म्हणावे आणि पुढच्या सभेला ते आणावे.

दुसरी, गोव्यात लस घेतल्यानंतर नोंदल्या गेलेल्या गंभीर प्रतिकूल घटनांची माहिती, व्यक्तीचे नाव-गाव न उघडता, खात्याने लोकांसमोर मांडावी. किती नोंदी आल्या, किती तपासल्या, काय निष्पन्न झाले. ज्या घराला वाटते की आपल्या माणसाचे काही वाईट लशीमुळे झाले, त्या घराने कोणाकडे जावे हेही स्पष्ट असावे. आज त्याचे फक्त मोबाइल ऐकून घेतो.

तिसरी, आयव्हरमेक्टिनसारखे निर्णय कसे झाले आणि त्यातून काय शिकलो, याचा आढावा प्रसिद्ध व्हावा. चुकांची कबुली मागण्यासाठी हे म्हणत नाही. पुढच्या साथीत औषध जाहीर होईल तेव्हा लोकांनी ऐकावे, म्हणून हे हवे.

चौथी, २०२१ च्या शिबिरांत तयार झालेल्या याद्या आणि अनुभव वाया जाऊ देऊ नका. खाटेला खिळलेले कोण, एकटे म्हातारे कोण, मजुरांच्या खोल्या कुठे, हे उपकेंद्राच्या वहीत कायम असावे. ज्येष्ठांना गरजेच्या लशी उपकेंद्रातच मिळाव्यात. परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांना मोहिमेच्या काळापुरते आठवू नये. गावाचा विश्वास त्यांच्या तोंडच्या शब्दावर आहे, म्हणून नवी माहिती आधी त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

या मागण्या आजच का? कारण पुढची परीक्षा दारात उभी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची, पुण्याच्या सीरम संस्थेने भारतात बनवलेली लस २०२३ पासून उपलब्ध आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्राने ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती देण्यास प्रोत्साहन देण्याचे म्हटले. हा कर्करोग आपल्या बायांना किती निर्दयपणे नेतो हे आपण डॉक्टर म्हणून जाणता. ती लस जेव्हा डिचोलीच्या, पेडण्याच्या, सत्तरीच्या शाळांत येईल, तेव्हा संमतीच्या कागदावर सही करायची की नाही हे मुलीची आई ठरवील. त्या वेळी कोविशिल्डबद्दल कोणी नीट सांगितले होते का, हे तिला आठवेल. सांगितले असेल तर सही होईल. नसेल तर कागद कोरा परत येईल आणि त्याची किंमत आज तिसरीत शिकणारी एखादी मुलगी चाळिसाव्या वर्षी मोजेल.

आमच्या ग्रामसभा रविवारी भरतात. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा म्हणून मी पंचायतीला रीतसर अर्ज देणार आहे. आपण खात्याला आदेश द्यावा, आणि जमले तर एखाद्या सभेला स्वतः यावे. आपण डॉक्टर आहात, या तालुक्याचे आहात. आपण समोर बसून लोकांचे प्रश्न ऐकलेत, तर त्याचा परिणाम शंभर फलकांपेक्षा मोठा होईल. सरकारने बोलावले तेव्हा आमचे लोक आले. आता लोक बोलावत आहेत, सरकारने यावे.

आपली,
सर्वण गावची एक निवृत्त शिक्षिका